पारंपरिक, रचनाकार अज्ञात

राजापेठ, अमरावती
२ नोव्हेंबर २०१३

उज्मा,

कोठीवर तुला उत्तर देणारी वाटाड्या मीच. तिथं बहुतेक जण स्वतःचं नाव लावत नाहीत, म्हणून तुला कळलं नसेल. किंवा कळलंही असेल. तू फोन उचलत नाहीस, आणि कोठीवर लिहिलेलं सगळ्यांना दिसतं. म्हणून क्लास सुटल्यावर मुलांच्या वहीतली पानं काढून हे लिहिते आहे.

तू तिथं नवीन आहेस, तर आधी माझं काम काय ते सांगते. कोठी ही वऱ्हाडातली गाणी जमा करायची वेबसाइट. कोणाला पगार नाही, कोणीही यावं, आपल्या गावची गाणी ठेवावीत. नवीन माणूस आला की त्याला एक वाटाड्या मिळतो. वाटाड्यानं त्याला मराठी टाइप करायला शिकवायचं, आणि काय ठेवायचं, काय नाही ते समजावायचं. हे दुसरं काम फार जिकिरीचं. नेटवर दिसलं म्हणजे सगळ्यांचं झालं, असंच समजून लोक येतात. परतवाड्याच्या शाहनवाज नावाच्या एकानं मेळघाटावरच्या पुस्तकातली चार पानं जशीच्या तशी टाकली. मी काढली, तर त्यानं लिहिलं, "मॅडम, पडलेलं होतं, उचललं. चोरी कशाची?"

मी त्याला सरव्याचं सांगितलं. वेचणी संपवून शेतकरी घरी गेला की मागं राहिलेला सरवा कोणीही वेचावा, कोणी बोलत नाही. पण पीक उभं असेल तर बांधावर थांबून आधी हाक मारावी लागते. गाण्याचं, पुस्तकाचं तसंच आहे. रचणारा हयात असेपर्यंत आणि तो गेल्यावरही साठ वर्षं ते उभं पीक. त्यानंतर सरवा. त्याचं उत्तर आलं, "आमच्याकडे संत्र्याचा बगीचा असते मॅडम, माकडं सरवा ठेवत नाहीत. पण समजलं." आता तोच सगळ्यात काटेकोर सदस्य आहे.

मला हे काम आवडतं, उज्मा. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. माझ्या आईनं जन्मभर जे केलं त्यावर तिचं नाव कुठं लागलं नाही. इथं निदान विचारायची सोय आहे की हे कोणाचं. कोणी रचलं, ती व्यक्ती हयात आहे का, तिला विचारलं का, हे तीन प्रश्न मी प्रत्येक नवीन माणसाकडून पाठ करून घेते.

आणि वीस ऑक्टोबरला तू लिहिलंस की 'माहेराले चाल' हे भुलाबाईचं गाणं पारंपरिक नाही, ते तुझ्या अम्मीनं रचलं आहे. अकोल्यात कोजागिरीला कॉलनीतल्या पोरींनी व्हीसीडी लावली, त्यात ते वाजलं, आणि व्हीसीडीवाल्यांनी ते कोठीवरून घेतलं. मी तुला उत्तर दिलं, 'गाणे आपल्या आईने रचल्याचा लेखी पुरावा द्यावा. तोवर ते पारंपरिक समजले जाईल.' हे नेहमीचं उत्तर आहे. तयारच असतं, मी फक्त चिकटवलं.

'अकोला टीचर' या नावानं लिहिणारी तू, हे माझ्या त्या दिवशी लक्षात आलं नाही. आणि गाणं चाचींनी रचलं होतं हेही... आपण किती लहान होतो. गल्लीतल्या सगळ्या पोरी ते म्हणायच्या. सगळ्या म्हणतात ते सगळ्यांचं, असंच वाटायचं.

चुकलं असेल तर दुरुस्त करता येतं. 'रचना : फरजाना नबी शेख, दर्यापूर' असं मी स्वतः लिहीन. फक्त चाचींची परवानगी हवी. फॉर्म सोबत जोडला आहे. खाली सही झाली की पुरे.

तुझी,
रागिणी


राजापेठ, अमरावती
२४ नोव्हेंबर २०१३

उज्मा,

फॉर्म मिळाला. कोरा. पाकिटावरचं अक्षर तुझं होतं, 'र' ची शेपटी तशीच लांब. तेवढ्यानंही बरं वाटलं.

दिवाळीला दर्यापूरला जाऊन आले. तुम्ही अकोल्याला गेल्यापासून तू दोन वर्षांत आली नाहीस, म्हणून सांगते. यंदा पावसानं सोयाबीन उभ्या उभ्या काळं पडलं. त्याच्या आधीची सालं तुला माहीतच आहेत. आपल्या गल्लीत आता पाच घरांना कुलूप आहे. मैना आणि तिचा नवरा पुण्याला बांधकामावर गेले, लेकरं सोबत नेली. गोदाबाई नाशिकला लेकीकडे. तुमच्या ओट्यावर कोणीतरी तुऱ्हाट्यांच्या पेंढ्या रचून ठेवल्या आहेत. यंदा गल्लीत भुलाबाई बसलीच नाही. आई म्हणाली, बसवायची कोणासाठी, पोट्ट्याच नाहीत.

मला तो ओटा भरलेला दिसतो. चाची मशीनवर, नबीचाचा आत कापड बेततायत, आणि आपण बारा-पंधरा जणी भुलाबाई घेऊन उंबऱ्याशी. महिनाभर रोज एकेका घरी गाणी, आणि शेवटी खिरापत ओळखायची. डबा हलवून, वास घेऊन सगळ्यांची खिरापत ओळखू यायची. मैना तर झाकणाच्या आवाजावरून सांगायची. पण तुमच्या घरची कधीच नाही. चाची प्रत्येक दाणा कापडाच्या चिंध्यांत गुंडाळून डब्यात भरायच्या. हलवलं तरी आवाज नाही, हुंगलं तर नव्या कापडाचा वास. "बोला नं, बोला, शाळेत जाता नं तुमी" असं म्हणत हसायच्या. एकदा आपण हरलो, आणि चिंध्यांतून निघाले फुटाणे. मैना रडली होती, एवढे साधे फुटाणे ओळखले नाहीत म्हणून.

आणि माझा कॉलेजचा पहिला ड्रेस. चाचींनी त्याला खिसा लावला. पोरींच्या कुर्त्याला खिसा नसायचा तेव्हा. आई म्हणाली, खिसा कायले? चाची म्हणाल्या, "कॉलेजात जाऊन राहिली, पेन का दातात धरीन?" पदवीच्या शेवटच्या पेपरपर्यंत मी तो ड्रेस वापरला.

असं सगळं आठवत होतं आणि मी चुलीपाशी बसून ते गाणं गुणगुणत होते :

भुलाबाई गं भुलाबाई, माहेराले चाल,
वाळल्या सोयाबीनचे पायी बांध चाळ.

बाबा सुपारी कातरत होते. थांबले. म्हणाले, "हे जुनं गाणं हाय म्हणते तू?"

मी म्हटलं, पारंपरिक आहे, कोठीवर तसंच लिहिलंय.

"कोणं लिवलं?"

मी म्हटलं, मी.

तर बाबा हसायलाच लागले. "पोरी, सोयाबीन त तू झाली त्या साली म्या पयल्यांदा पेरलं. त्याच्या आंधी या तालुक्यात कोणं पाह्यलं होतं? तुया आजीनं काय पायात बांधलं, मंग? कपाशीचं बोंड?"

आई आतून म्हणाली, "फरजानाचं गाणं हाय ते. गल्लीतल्या कुत्र्यालेबी माईत हाय. येवढी शिकली, न तुलेच माईत नाही?"

मी शेतकऱ्याची मुलगी, उज्मा. वाळलेल्या शेंगा पायात चाळासारख्या वाजतात हे मला माहीत आहे. सोयाबीन कधी आलं हेही माहीत आहे. गाण्याच्या दुसऱ्या ओळीतच पुरावा होता, आणि मी तुझ्याकडे लेखी मागत होते.

आता मला नीट आठवतंय. गाणं चाचींचंच. मी तुझी आणि चाचींची माफी मागते. नाव लावायची तयारी आहे. तू फक्त हो म्हण.

रागिणी


राजापेठ, अमरावती
१२ जानेवारी २०१४

उज्मा,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. एकच ओळ. 'शेवटचं कडवं कुठं गेलं?'

कार्ड चार दिवस उशीखाली आहे. या चार दिवसांत मी तीन पत्रं लिहिली आणि फाडली. तिन्हींमध्ये मी विसरले असं लिहिलं होतं.

मी विसरले नव्हते. गेल्या दोन पत्रांतही जे जे 'लक्षात नव्हतं' असं लिहिलं, ते सगळं लक्षात होतं. 'अकोला टीचर' म्हणजे तू, हे मला तुझ्या पहिल्या वाक्यात कळलं. गाणं चाचींचं आहे हे तर मला ते पहिल्यांदा म्हटलं तेव्हापासून माहीत आहे. त्या मशीन चालवता चालवता एकेक ओळ जुळवायच्या आणि आपल्याकडून म्हणून घ्यायच्या, तेव्हा मी पहिल्या रांगेत असायचे.

घडलं ते असं. २०१२ च्या कोजागिरीपर्यंत प्रत्येक वाटाड्यानं आपापल्या तालुक्यातली वीस गाणी आणायची, असं ठरलं होतं. मी दर्यापुरात घरोघर हिंडले. ज्या बाया गावात होत्या त्या गाणी विसरल्या होत्या, ज्यांना येत होती त्या गाव सोडून गेल्या होत्या. माणिकबाईंनी मला सरळ सांगितलं, "पोट भरून राहिलो बाप्पा, गाणे कायचे?" एकोणीस झाली. विसावं मला पाठच होतं, आणि सगळ्यांत सुंदर तेच होतं. पण त्यावर चाचींचं नाव लिहायचं तर त्यांना विचारावं लागणार.

अकोला इथून केवढं लांब आहे? सकाळी निघाले तर संध्याकाळी परत. मी का आले नाही ते तुला माहीत आहे. त्याच वर्षी एप्रिलमध्ये नबीचाचा गेले. तेव्हा माझे शेवटचे पेपर होते. मी स्वतःला म्हटलं, पेपर झाले की जाईन. पेपर झाल्यावर म्हटलं, आता महिना झाला, कोणत्या तोंडानं जाऊ. ज्या घरी दुःखात गेले नाही, त्या घरी गाणं मागायला कशी जाणार होते?

म्हणून मी 'पारंपरिक, रचनाकार अज्ञात' असं लिहिलं. आणि शेवटचं कडवं गाळलं, कारण त्यात नबीचाचांचं नाव येतं. ते राहिलं असतं तर कोणीही विचारलं असतं, की पारंपरिक गाण्यात हा नबी कोण. मी ते विसरले नाही, मी ते कापलं. कात्रीनं कापतात तसं, ओळ बघून. दुसऱ्यांना तीन प्रश्न शिकवणाऱ्या मुलीनं.

व्हीसीडीवाल्यांना मी दोनदा लिहिलं. उत्तर नाही. विकल्या गेल्या त्या परत येणार नाहीत. दुसरी गोष्ट अशी की मार्चअखेर कोठीतली गाणी छापून जिल्ह्यातल्या शाळांमध्ये वाटणार आहेत. एकदा ती पुस्तिका गेली की मग ते गाणं नबीचाचांशिवायच राहील, कायमचं. त्याआधी मला चाचींना भेटायचं आहे. गाणं नंतर. आधी जे दोन वर्षांपूर्वी करायचं होतं ते.

तू नाही म्हणालीस तर येणार नाही.

रागिणी


दर्यापूर
९ मार्च २०१४

उज्मा,

तू काहीच कळवलं नाहीस. नाही म्हणाली नाहीस, एवढ्यावर मी काल अकोल्याला निघाले. शनिवारी तुझी शाळा सकाळची असते हे मला माहीत होतं. तू घरी नसताना आले. तेवढी भित्री मी अजून आहे. चाचींनी तुला किती सांगितलं ते मला माहीत नाही, म्हणून सगळं लिहिते.

गारपिटीनं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हरभरा झोपलेला होता. मूर्तिजापूरपर्यंत मी काय बोलायचं ते ठरवत होते, आणि दार उघडल्यावर त्यातलं एकही वाक्य उपयोगी पडलं नाही. चाचींनी चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाल्या, "आता आली?"

मी हो म्हटलं. त्या मशीनवर बसल्या, मी खाली सतरंजीवर. बराच वेळ त्यांनी उशीच्या खोळी शिवल्या. मी नबीचाचांबद्दल विचारलं आणि त्यांनी सांगितलं. शेवटचे महिने, दवाखाना, तू रजा काढून बसलीस ते. मी काही लिहून घेतलं नाही. मग त्यांनी चहा ठेवला. तुमच्याकडे अजून त्याच बिनकानाच्या कपांत चहा मिळतो.

मग मी कडव्याचं सांगितलं. जसं तुला लिहिलं तसंच, कात्रीसकट.

चाची म्हणाल्या, "तुले माईत हाय, ते कडवं म्या काहून घातलं होतं?"

मी म्हटलं, तुमचं शिलाईचं घर, म्हणून गाण्यात चाचांचं नाव.

"नाही बेटा. म्या ह्यायचं नाव जन्मात तोंडानं घेतलं नाही. आमच्यात घेत नाहीत. उज्माचे अब्बा म्हनाचं, नाही त ऐकता का म्हनाचं. तुमच्यात उखाणा तरी असते. म्या ते पोट्ट्यायच्या तोंडात टाकलं. तुमी पंधरा जनी वरडाच्या, न हे आतमंधी कापड बेतता बेतता लाजाचे. महिनाभर रोज." मग म्हणाल्या, "कॉलनीत ते गाणं लागलं त मले वाटलं, आता ते नाव येईन, आता येईन. संपलं, न आलंच नाही."

उज्मा, माझ्या पिशवीत परवानगीचा फॉर्म होता. मी तो काढला. गाणं पूर्ण ठेवू, सगळ्यांत वर तुमचं नाव, शेवटचं कडवं जसंच्या तसं, असं मी त्यांना सांगितलं. त्यांनी नीट ऐकलं. मग विचारलं, "हे गाणं मंग कोणीबी घेऊ शकते?"

मी म्हटलं, हो. तुमचं नाव लावावं लागेल, पण घेऊ शकतं.

"न त्यायले ते कडवं नको असलं, त काढू शकते?"

मी नवीन माणसांना हे शंभर वेळा समजावलं आहे. एकदा अशी मोकळी परवानगी दिली की लोक गाणं बदलू शकतात, अर्धं घेऊ शकतात. मी त्यांना म्हणू शकले असते की तसं कोणी करणार नाही. चाचींनी विश्वास ठेवला असता. शाळेत शिकलेल्या पोरीवर त्यांनी नेहमीच ठेवला आहे.

मी म्हटलं, "काढू शकते, चाची."

"मंग नाही."

एवढंच. त्यांनी दोरा तोडला आणि पुढची खोळ घेतली. मी फॉर्म परत पिशवीत ठेवला. दोन वर्षं मी लोकांना विचारायला शिकवत होते, आणि विचारल्यावर नाहीही येऊ शकतं, हे मी कोणाला कधी सांगितलंच नव्हतं. मला वाटायचं, नीट विचारलं की माणूस देतोच.

आज इथं दर्यापूरच्या नेटकॅफेत बसून मी ते गाणं कोठीवरून काढलं. काढताना कारण लिहावं लागतं. मी लिहिलं, 'हे गाणे पारंपरिक नाही. रचणाऱ्या बाई हयात आहेत. त्यांना न विचारता, त्यातले एक कडवे मुद्दाम गाळून, मी ते ठेवले होते. त्यांनी परवानगी नाकारली आहे.' खाली खरं नाव लिहिलं. तासाभरात लोक बोलू लागले. एकानं लिहिलं, इतकं चांगलं गाणं घालवलंत. शाहनवाजनं त्याला उत्तर दिलं, "मालकानं नाही म्हटलं न भाऊ, मंग बांधावरून खाली उतर." वाटाड्याचं काम मी सोडलं आहे. पुस्तिकेत आता हे गाणं नसेल, तेही कळवून झालं.

मला वाईट वाटतं आहे, खोटं कशाला सांगू. गल्ली रिकामी आहे, चाचींच्या हाताशी पोरी नाहीत. एक दिवस हे गाणं कोणालाच येणार नाही, आणि ते टिकवायची माझ्याकडे जागा होती.

पण काल मी निघाले तेव्हा चाचींनी मला उंबऱ्याशी थांबवलं. म्हणाल्या, "तुले तरी येते का पुरं?" मी म्हणून दाखवलं, आणि शेवटच्या कडव्याशी अडले. मला ते पाठ आहे असं मी समजत होते. चाचींनी दारातच ते कडवं माझ्याकडून म्हणून घेतलं, ओळ ओळ, सहा-सात वेळा. नबीचाचांचं नाव येतं तिथं त्या गप्प व्हायच्या आणि मी एकटी म्हणायचे. शेजारची बाई कपडे वाळत घालता घालता बघत होती. निघताना म्हणाल्या, "लिवू नको कुठं. म्हनत जाजो."

म्हणून ते या पत्रात नाही.

बसमध्ये सगळ्या वाटेनं मी मनातल्या मनात म्हणत आले. घरी आईपुढे म्हटलं, आणि दुसऱ्या ओळीत एक शब्द मला सापडेना. आईलाही आठवत नाही. गल्लीत विचारायला कोणी उरलेलं नाही, आणि तुला तो नक्की येत असेल. पत्रात लिहून पाठवता येणार नाही, तुझ्या अम्मीची मनाई आहे.

येत्या शनिवारी संध्याकाळी, तोवर हे पत्र पोचेल, तुझी शाळा, स्वयंपाक सगळं आटोपल्यावर मी तुला फोन करणार आहे. फक्त तो एक शब्द सांग, मग हवं तर ठेवून दे.

रागिणी